महाभारत, रामायण आणि युरोपचे अभ्यासक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'गीता बायबलवरून घेतली', 'रामायण होमरची नक्कल आहे', 'मूळ महाभारतात कौरवच नायक होते', 'जर्मन लोकांनी गीता डोक्यावर घेतली' अशी वाक्यं फोनवर सतत फिरत असतात. कधी अभिमानाने, कधी संतापाने. त्यांमागे दोनशेहून अधिक वर्षांचा खराखुरा वाद आहे. त्या वादात आपल्या मुंबई-पुण्याच्या माणसांनी फार मोलाची भर घातली आहे, आणि ती विसरली जाते याचं मला वाईट वाटतं. म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

युरोपला आपल्या महाकाव्यांची ओळख पहिल्यांदा कधी झाली?

साधारणपणे १७८५ हे साल सांगतात, पण गोव्याचा विचार केला तर त्याआधी दोन शतकं मागे जावं लागतं. सोळाव्या शतकात गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी हिंदूंच्या घरांतल्या पोथ्या मिळवल्या, काही तर बळजबरीने. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथा जुन्या कोकणी गद्यात, रोमन लिपीत उतरवलेल्या आजही आहेत. हेतू उघड होता: भाषा शिकायची आणि समोरच्याचा धर्म खोडून काढायचा. पण वाचल्याशिवाय खोडता येत नाही, आणि वाचलेलं अंगात मुरतं. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओवीत, पुराणाच्याच घाटात. बाटलेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या, त्यांना त्यांच्या जागी तसंच काहीतरी हवं होतं.

हा सगळा ऐवज त्या वेळी युरोपातल्या विद्वानांपर्यंत मात्र फारसा पोहोचला नाही. तिथे खळबळ उडाली ती विल्किन्सच्या गीतेने.

विल्किन्सने एवढ्या मोठ्या महाभारतातून गीताच का निवडली?

चार्ल्स विल्किन्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. बनारसमध्ये काशीनाथ भट्टाचार्य या पंडितांकडे तो संस्कृत शिकला आणि महाभारताचं भाषांतर त्याने हाती घेतलं. त्यातला गीतेचा भाग १७८५ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. संस्कृतातून थेट इंग्रजीत आलेला हा पहिला मोठा ग्रंथ.

त्याने प्रस्तावनेत जे लिहिलं ते पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. त्याच्या मते गीतेचा हेतू त्या काळच्या निरनिराळ्या उपासना एकत्र आणून एकच ईश्वर आहे हे ठसवण्याचा होता. म्हणजे यज्ञयाग आणि मूर्तिपूजा यांच्यापलीकडे जाणारा एकेश्वरवाद. इंग्लंडमध्ये त्या वेळी ईश्वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिविध आहे की एकच, यावर पंथापंथांत भांडण चालू होतं. विल्किन्सच्या हातात गीता होती, पण डोळ्यांपुढे घरचं भांडण होतं. हे पुढे पुन्हा पुन्हा दिसेल: जो येतो तो आपल्या घरचा प्रश्न बरोबर घेऊन येतो.

काशीनाथ पंडितांचं नाव मात्र किती जणांना माहीत असतं?

वॉरन हेस्टिंग्जने गीतेची स्तुती केली होती म्हणतात. त्यात राजकारण नव्हतं का?

होतं, आणि त्याने ते लपवलं नाही. ४ ऑक्टोबर १७८४ रोजी बनारसहून त्याने कंपनीच्या अध्यक्षाला लिहिलेलं पत्र या भाषांतराला जोडलेलं आहे. अशा ज्ञानाचा राज्याला उपयोग होतो, जिंकलेल्या लोकांच्या पायातल्या साखळीचा भार त्यामुळे हलका वाटतो, असं तो सरळ म्हणतो. त्याच पत्रात असंही आहे की इंग्रजांची सत्ता हिंदुस्थानातून केव्हाच गेलेली असेल तेव्हाही हे लेखन टिकून राहील. पुढे तो गीतेतला ईश्वरविचार ख्रिस्ती धर्माशी नेमका जुळतो, असंही सांगतो.

राज्यकर्त्याचा स्वार्थ, वाचकाचं खरं कौतुक आणि ख्रिस्ती फूटपट्टी या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. त्यातली एक उचलून बाकीच्या दोन दडवणं हा त्या कागदावर अन्याय होईल.

जर्मन लोकांची तर भारतात सत्ता नव्हती. मग सगळ्यात जास्त वेड तिथेच का लागलं?

कारण तिथे धर्माचा प्रश्न पेटलेला होता. ज्या १७८५ साली विल्किन्सची गीता छापली गेली, त्याच साली याकोबी नावाच्या जर्मन विचारवंताने, ईश्वर आणि सृष्टी एकच मानणाऱ्या स्पिनोझाच्या तत्त्वज्ञानावर पत्रं प्रसिद्ध केली आणि मोठा गदारोळ उठला. ईश्वर सृष्टीहून वेगळा, की सृष्टीच ईश्वर? दुसरं मानलं तर पाप, पुण्य, मनुष्याचं स्वातंत्र्य यांचं काय? हा वाद ऐन रंगात असताना हातात असा ग्रंथ आला की ज्यात ईश्वर म्हणतो, सगळी भूतं माझ्यात आहेत आणि तरीही मी त्यांच्यात नाही. साहजिकच जो तो त्यावर तुटून पडला.

फ्रीड्रिख श्लेगेल पॅरिसमध्ये संस्कृत शिकला आणि १८०८ मध्ये भारतीयांच्या भाषेवर आणि ज्ञानावर त्याने पुस्तक काढलं. त्यात रामायण आणि गीतेतले उतारे जर्मनमध्ये दिले होते. सुरुवातीला तो भारावलेला होता, पण पुस्तक पुरं होईपर्यंत सर्वेश्वरवाद, म्हणजे सृष्टीलाच ईश्वर मानणं, ही घसरण आहे असं त्याचं मत झालं. त्याच वर्षी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला.

त्याचा भाऊ आउगुस्ट विल्हेल्म याची वाट वेगळी. तो बॉनला प्राध्यापक झाला, पॅरिसमध्ये देवनागरी टाइप तयार करून घेतला आणि १८२३ मध्ये गीतेचा मूळ संस्कृत पाठ लॅटिन भाषांतरासह छापला. प्रस्तावनेत तो सांगतो की गुरूला वंदन करणं हे ब्राह्मणांमध्ये पवित्र कर्तव्य मानलं जातं, आणि मग गीतेच्या अज्ञात कवीला स्वतः वंदन करतो. युरोपातल्या विद्यापीठीय ग्रंथात अशी नम्रता दुर्मीळ आहे. मला हा माणूस त्या एका परिच्छेदासाठी फार आवडतो.

गटे 'शाकुंतल' डोक्यावर घेऊन नाचला, तसं गीतेवर कोण नाचलं?

गटेने १७९१ मध्ये शाकुंतलावर चार ओळींची कविता लिहिली, हे पक्कं आहे. नाचण्याचा भाग आपल्याकडे शाळेत रंगवून सांगितला जातो.

गीतेबाबतीत नाव घ्यायचं तर विल्हेल्म फॉन हुंबोल्टचं. प्रशियाचा मोठा मुत्सद्दी, बर्लिन विद्यापीठाचा संस्थापक. पन्नाशी उलटल्यावर संस्कृत शिकला. श्लेगेलची आवृत्ती हाती आल्यावर १८२५ आणि १८२६ मध्ये त्याने बर्लिनच्या अकादमीत गीतेवर व्याख्यानं दिली. आपल्याला माहीत असलेल्या सर्व साहित्यांत ही सर्वांत सुंदर, कदाचित एकमेव खरी तत्त्वज्ञानात्मक कविता आहे, असं तो म्हणाला. १८२८ मध्ये गेन्ट्स या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की हे काव्य वाचायला मिळेपर्यंत दैवाने आपल्याला जिवंत ठेवलं याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. नाचण्यापेक्षा हे वाक्य मोठं आहे.

हेगेलने गीतेला नावं का ठेवली?

हुंबोल्टच्या व्याख्यानांवर हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाने १८२७ मध्ये दोन भागांत लांबलचक परीक्षण लिहिलं. त्याला संस्कृत येत नव्हतं. त्याचे मुख्य आक्षेप दोन. एक, योग म्हणजे मन रिकामं करत जाणं आणि ब्रह्म म्हणजे कसलाच आशय नसलेलं एकत्व, त्यामुळे त्यातून जगात काय करावं हे निघत नाही. दुसरा, अर्जुनाला सांगितलेलं कर्तव्य माणसाच्या आतल्या स्वातंत्र्यातून आलेलं नाही, ते जन्माने मिळालेल्या वर्णातून आलेलं आहे.

पहिल्या आक्षेपाला गीता स्वतःच उत्तर देते. तिसरा अध्याय उघडून वाचला तरी कर्म सोडून बसणाऱ्याला कृष्ण काय म्हणतो ते कळतं. दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहज झटकता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर लिहिताना सुरुवातच गीतेबद्दल पाश्चात्त्य पंडितांच्या मतांत किती गोंधळ आहे हे दाखवून केली. होल्त्समान, गार्बे वगैरे जर्मन पंडितांची मतं (ती पुढे येतीलच) मांडून, इतके विद्वान एकमेकांशी का जुळत नाहीत, असं ते विचारतात. त्यांचं स्वतःचं उत्तर असं की गीता हा धर्मग्रंथही नाही आणि तत्त्वज्ञानाचा ग्रंथही नाही, चातुर्वर्ण्यासारख्या काही गोष्टींचं तत्त्वज्ञानाच्या आधाराने केलेलं ते समर्थन आहे. हे मत कुणाला पटो न पटो, ते मूळ ग्रंथ आणि युरोपचा वाद दोन्ही वाचून दिलेलं आहे. ते हेगेलचा प्रतिध्वनी नाही.

हुंबोल्टला हेगेलचं परीक्षण मुळीच रुचलं नाही.

गीता बायबलवरून घेतली असं खरंच कुणी म्हटलं होतं का? त्याला उत्तर कुणी दिलं?

हो. ब्रेस्लाउच्या डॉ. लोरिन्सर या कॅथलिक धर्मशास्त्र्याने १८६९ मध्ये गीतेचं जर्मन भाषांतर केलं आणि शेवटी गीतेतली व नव्या करारातली मिळतीजुळती वाक्यं समोरासमोर मांडली, शंभराहून अधिक. उदाहरणार्थ, योहानाच्या शुभवर्तमानात १४व्या अध्यायात येशू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्यावर मी प्रीती करीन. त्याच्यासमोर गीतेतलं 'प्रियो हि ज्ञानिनोऽत्यर्थमहं स च मम प्रियः' (७.१७). यावरून त्याचा निष्कर्ष असा की गीतेच्या कर्त्याला नवा करार माहीत होता. बर्लिनचा आल्ब्रेख्त वेबर हा मोठा संस्कृतज्ञ. त्यानेही कृष्णजन्माष्टमीच्या उत्सवावर लिहिताना कृष्णभक्तीवर ख्रिस्ती छाया असल्याचं सुचवलं होतं.

आपल्याकडे यावर पहिलं भक्कम उत्तर काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी दिलं. जन्म १८५०, मुंबईचे वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १८७५ मध्ये त्यांनी गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर काढलं आणि त्याच्या प्रस्तावनेत लोरिन्सरचा समाचार घेतला. त्यात देशाभिमानाची आरडाओरड नाही. दोन ग्रंथांत सारखं वाक्य दिसलं म्हणजे एकाने दुसऱ्याचं घेतलं असं ठरत नाही. ती कल्पना त्याच भूमीतल्या जुन्या ग्रंथांत, उपनिषदांत, आहे का ते आधी बघावं लागतं. आणि काळाचा पुरावा तर द्यावाच लागतो. त्यांचा रोख असा होता. मॅक्सम्यूलरने पुढे पूर्वेकडील पवित्र ग्रंथांची जी मोठी माला काढली तिचा आठवा खंड, म्हणजे गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता, तेलंगांनाच दिला. तो १८८२ मध्ये निघाला. त्या मालेत बहुतेक सगळे भाषांतरकार युरोपातले, आणि त्यांत मुंबईचा हा माणूस.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी याच सुमारास, १८७४ मध्ये, पतंजलीच्या महाभाष्यातले कृष्णाचे उल्लेख दाखवून दिले. कंसवधाचे खेळ ख्रिस्तापूर्वी होत होते, हे त्यातून दिसतं. पुढे विदिशेजवळच्या बेसनगरला खांबावरचा लेख वाचला गेला (१९०९) आणि वाद जवळजवळ मिटला. तक्षशिलेहून आलेला हेलिओडोरस नावाचा ग्रीक राजदूत स्वतःला भागवत म्हणवतो आणि देवदेव वासुदेवासाठी गरुडध्वज उभारतो, तेही ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात. त्याच लेखात स्वर्गाला नेणाऱ्या तीन अमृतपदांचा उल्लेख आहे: दम, त्याग, अप्रमाद. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हेच तीन शब्द ऐकवतो. म्हणजे या महाकाव्यातल्या धर्मविचाराने पहिला युरोपीय माणूस ओढून घेतला तो विल्किन्सच्या एकोणीसशे वर्षं आधी!

लोकमान्यांनी गीतारहस्याच्या परिशिष्टात 'गीता व ख्रिस्ती बायबल' असा स्वतंत्र भाग लिहिला, तो याच मालिकेतला. बरेच लोक गीतारहस्य घरात ठेवतात आणि हे परिशिष्ट, म्हणजे बहिरंगपरीक्षण, उघडतच नाहीत. ते उघडा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोकुळातल्या बाळकृष्णाच्या कथांवर आभीर या गुराखी जमातीमार्फत ख्रिस्ती कथांचा काही संस्कार झाला असावा, असं भांडारकरांनी स्वतः १९१३ मध्ये लिहिलं आहे. पटलं ते मान्य करायचं, मग ते आपल्या बाजूचं असो वा नसो, ही त्यांची रीत होती.

आणि रामायण होमरवरून?

होमर म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरची महाकाव्यं रचणारा ग्रीक कवी. रामायण त्याच्यावरून घेतलं हे मतही वेबरचंच, १८७० मधलं. सीताहरण म्हणजे हेलनचं हरण, जनकाचं धनुष्य म्हणजे ओडिसियसचं धनुष्य, आणि मूळ कथा बौद्धांच्या दशरथजातकातली. पुन्हा तेलंगच उभे राहिले. रामायण होमरवरून घेतलं का, असा थेट प्रश्न करणारा त्यांचा इंग्रजी निबंध १८७३ मध्ये मुंबईत छापला गेला, तेव्हा त्यांचं वय जेमतेम तेवीस. बायको पळवली जाणं आणि तिच्यासाठी युद्ध होणं यासाठी ग्रीसला जावं लागत नाही, हे ज्याला जगाच्या कथा माहीत आहेत त्याला पटतं. हेरमान याकोबी या संस्कृतज्ञाने (स्पिनोझावाला याकोबी वेगळा) १८९३ मध्ये रामायणावर जो ग्रंथ लिहिला त्यानंतर जर्मनीतही वेबरच्या मताला फारसा थारा राहिला नाही.

रामायणाच्या बाबतीत मला गास्पारे गोरेसिओची आठवण करून द्यावीशी वाटते. तूरिनचा हा इटालियन. त्याने १८४३पासून गौडीय, म्हणजे बंगाली परंपरेचा पाठ छापला आणि मग सगळं रामायण इटालियनमध्ये आणलं. खर्च त्याच्या राजाने, कार्लो आल्बेर्तोने केला. कुणाला खोटं पाडायचं नव्हतं, फक्त ग्रंथ नीट छापायचा होता.

मूळ महाभारतात कौरव नायक होते, हे खरं आहे का?

तसा सिद्धान्त होता. होल्त्समान काका-पुतण्यांनी तो मांडला आणि पुतण्याने १८९२ ते १८९५ मध्ये चार खंडांत विस्तारला. मूळ काव्य कुरूंच्या पराक्रमाचं, पुढे पांडवांची आणि कृष्णाची बाजू घेणाऱ्यांनी ते उलटं फिरवलं, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय? भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन हे चौघेही कपटाने पडतात. शल्यपर्वात तर मांडी फुटून पडलेला दुर्योधन कृष्णाला त्याची सगळी कपटं मोजून दाखवतो, मी चांगला जगलो, चांगला मरतोय असं म्हणतो, आणि आकाशातून त्याच्यावर फुलं पडतात. पांडव ती पुष्पवृष्टी बघून लाजतात.

हा प्रसंग खरोखर तिथे आहे आणि तो वाचून हलायला होतं. पण त्यावरून 'कुणीतरी पुस्तक फिरवलं' असं म्हणणं म्हणजे कवीला एकाच वेळी दोन गोष्टी दिसू शकतात हे नाकारणं. धर्माची बाजू जिंकते आणि जिंकताना डागाळते, हेच तर महाभारत अठरा पर्वं सांगत आलं आहे. होल्त्समानला धर्म म्हणजे स्वच्छ बाजू हवी होती. व्यासांना ती कधीच नको होती.

गीतेतले श्लोक युरोपियनांनी 'काढून टाकले' म्हणजे काय केलं?

रिखार्ड गार्बेने १९०५ मधल्या भाषांतरात ७०० पैकी सुमारे १७० श्लोक बारीक टाइपात छापले. त्याच्या मते मूळ गीता सगुण ईश्वराची, सांख्य-योगाच्या पायावर उभी, आणि ब्रह्मवाद तिच्यात नंतर घुसवलेला. पाउल डॉयसनच्या मते नेमकं उलटं: आधी अद्वैत, मग त्याचा ऱ्हास होऊन बाकीचं. पुढे मारबुर्गचा प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ओट्टो १९३४ मध्ये मूळ गीता शोधायला गेला आणि त्याच्या हाती एकूण गीतेच्या पाव भागाहूनही कमी उरली. त्याच्यासाठी गीतेचा गाभा अकरावा अध्याय, विश्वरूपदर्शन. पवित्रतेपुढे माणूस कसा थरथरतो यावर त्याचं नावाजलेलं काम आहे, आणि त्यातही त्याने हाच अध्याय उदाहरण म्हणून घेतला होता.

अकराव्या अध्यायाबद्दल ओट्टोला जे जाणवलं ते मला खरं वाटतं. 'दंष्ट्राकरालानि च ते मुखानि' वाचताना भीती आणि भक्ती एकत्र येतात, आणि आपण नेहमी त्यातली भीती गाळून वाचतो. पण उरलेला भाग कात्रीने कापायचा अधिकार त्याला कुणी दिला? गार्बेने बारीक केलेले ते १७० श्लोक ज्यात नाहीत अशी पोथी सापडलेली नाही. जिथे पोथी साथ देत नाही तिथे उरतं ते अभ्यासकाचं स्वतःचं मत, धर्म कसा असावा याबद्दलचं.

जर्मन पंडितांतही याला विरोध करणारे होते. योझेफ डाल्मान हा जेझुइट. त्याने १८९५ मध्ये महाभारत हे काव्य आणि धर्मशास्त्र दोन्ही मिळून एकसंध आहे असं मांडलं. त्याच्या काळातल्या सहकाऱ्यांनी त्याला फारसं गांभीर्याने घेतलं नाही. पुढे पुण्यात महाभारताची आवृत्ती संपादणाऱ्या सुखटणकरांनी घेतलं.

पुण्याची भांडारकर संस्थेची आवृत्ती आणि युरोप यांचा संबंध काय?

कल्पना युरोपातली, काम पुण्याचं. प्रागच्या विंटरनित्सने १८९७पासून प्राच्यविद्या परिषदांत आग्रह धरला की महाभारताची सगळ्या पोथ्यांवर आधारलेली, म्हणजे चिकित्सक, आवृत्ती हवी. हाइनरिख ल्यूडर्सने १९०८ मध्ये नमुनाही छापला. मग महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं. १९१७ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपये देऊ केले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांनी 'नारायणं नमस्कृत्य' लिहून कामाचा आरंभ केला.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर संपादक झाले. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला ल्यूडर्सच्याच हाताखाली संस्कृत. काम कसं चालायचं? मोठ्या कागदावर वरती एक श्लोक सुट्या अक्षरांत लिहायचा. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि जिथे त्या पोथीत फरक असेल तिथे बरोबर त्याच अक्षराखाली तो नोंदवायचा. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारी माणसं जमवायची. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी एकमेकींपासून इतक्या दूर असून जिथे जुळतात तिथला पाठ जुना मानायचा. एकूण १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. १९६६ मध्ये, ४७ वर्षांनी, काम पुरं झालं. सुखटणकर १९४३ मध्येच गेले होते. वैद्य, बेलवलकर यांच्यासारख्यांनी ते तडीस नेलं.

शेवटच्या काळात सुखटणकरांनी मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं लिहिली. युरोपातल्या पंडितांनी याच ग्रंथाला 'राक्षसी गोंधळ' म्हटलं होतं. सुखटणकरांनी त्यांची पद्धत पूर्णपणे आत्मसात केली, त्यांच्याहून काटेकोरपणे राबवली, आणि मग निष्कर्ष मात्र त्यांचा घेतला नाही. ग्रंथाचा अर्थ ग्रंथाला एकसंध धरून, कथा, नीती आणि अध्यात्म या तिन्ही पातळ्यांवर लावला. युरोपला दिलेलं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

त्या आवृत्तीत द्रौपदीला वस्त्रं पुरवणारा कृष्ण नाही म्हणतात. मग आपण ऐकलं ते खोटं?

सभापर्व संपादित केलं अमेरिकन पंडित फ्रँक्लिन एजर्टनने. पोथ्यांवरून ठरलेल्या पाठात एवढंच आहे: 'आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते । तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः ॥' वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं, पुन्हा दुसरं वस्त्र प्रकट होत राहिलं. कुणामुळे ते सांगितलेलं नाही. 'गोविंद द्वारकावासिन्' ही प्रार्थना तळटीपांत गेली आहे, कारण सगळ्या परंपरांच्या पोथ्या तिला दुजोरा देत नाहीत.

पण त्याच आवृत्तीत, उद्योगपर्वात, कृष्ण म्हणतो: 'ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति । यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम् ॥' मी दूर असताना तिने गोविंदा अशी हाक मारली, ते ऋण वाढतच चाललंय, हृदयातून जात नाही. म्हणजे हाक होती. हे दोन श्लोक शेजारी ठेवून बघा. 'नंतर घुसवलेली भक्ती' आणि 'मूळ काव्य' अशी सरळ रेघ मारता येत नाही, ती याच कारणाने.

फ्रेंच अभ्यासकांचं काय? त्यांचं नाव कमी ऐकू येतं.

ते वेगळ्या वाटेने गेले. आधी स्वीडनच्या स्टिग विकांडरने १९४७ मध्ये दाखवलं की पाच पांडवांचे पिते, धर्म, वायू, इंद्र आणि अश्विनीकुमार, हे अत्यंत जुन्या वैदिक देवमंडळाच्या क्रमात बसतात. जॉर्ज ड्युमेझीलने त्यावर १९६८ मध्ये मोठी इमारत उभी केली. मादलेन बियार्दो तर पुण्याच्या आवृत्तीलाच हरकत घेत असे: लोक ज्या रूपात महाभारत ऐकत-वाचत आले तेच अभ्यासायचं, छाटून काढलेलं नाही. तिच्या मते या महाकाव्याचा कणा भक्ती आहे, युगान्त आणि अवतार यांच्याभोवती सगळी कथा रचली आहे. म्हणून नीलकंठी टीकेसह प्रचलित असलेला पाठ तिला जवळचा. हे नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदावरीकाठच्या कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीत बसून त्यांनी टीका लिहिली.

यातलं काही कुणाच्या जगण्यात उतरलं का, की सगळं कागदावरच राहिलं?

आंद्रे व्हेय हा फ्रेंच गणिती १९३०च्या सुमारास अलीगढला शिकवत होता, गीता संस्कृतातून वाचणारा. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात जायला नकार दिला आणि तुरुंगात गेला. आपला धर्म गणित आहे, युद्ध नाही, ही त्याची भूमिका गीतेतल्या स्वधर्मावर बेतलेली होती. कृष्णाने अर्जुनाला लढायला सांगितलं, आणि त्याच शिकवणीवरून हा लढायचं नाही असं ठरवतो. त्याची बहीण सिमोन त्याच काळात गीतेकडे वळली आणि मार्सेयमध्ये संस्कृत शिकू लागली. युद्धाला बरीच वर्षं विरोध केलेल्या तिला, हिटलर दारात उभा असताना अर्जुनाचा प्रश्न स्वतःचा वाटला. भाऊ-बहिणींनी एकाच ग्रंथाला विचारलेले हे दोन प्रश्न मला कित्येक विद्वत्तापूर्ण ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटतात.

गांधीजींनी गीता पहिल्यांदा इंग्रजीतून वाचली हे खरं का?

खरं आहे. लंडनमध्ये शिकत असताना, दोन थिऑसॉफिस्ट भावांच्या आग्रहाने, एडविन अर्नोल्डच्या १८८५ मधल्या पद्य भाषांतरातून. हा अर्नोल्ड त्याआधी पुण्यात संस्कृत कॉलेजचा, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होता.

या लोकांचं लिखाण आज वाचावं की टाकून द्यावं?

वाचावं, पण प्रत्येकाच्या घरचा प्रश्न काय होता ते आधी बघून. विश्व अडलुरी आणि जॉयदीप बागची यांनी २०१४ मध्ये आरोप केला की जर्मन पंडितांची 'शास्त्रीय' पद्धत म्हणजे वेष बदललेली प्रोटेस्टंट धर्मचिकित्सा होती. गार्बेबद्दल हे मला बऱ्याच अंशी पटतं, ल्यूडर्सबद्दल नाही. पोथ्या ताडून बघणाऱ्याला आणि पोथीशिवाय कात्री चालवणाऱ्याला एकाच तागडीत घालू नये.

चिकित्सक आवृत्ती घरबसल्या बघता येते का?

संस्कृत पाठ येतो. जपानच्या मुनेओ तोकुनागा यांनी तो पहिल्यांदा संगणकावर आणला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तपासून दुरुस्त केला. तो इंटरनेटवर विनामूल्य मिळतो, देवनागरीतही. मात्र त्याबरोबर छापील खंडांतल्या तळटीपा आणि परिशिष्टंही बघायला हवीत. तिथेच गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा आहे, द्रौपदीची प्रार्थना आहे, आणि कोणत्या प्रांताच्या पोथीत काय आहे ते आहे. छापील खंड भांडारकर संस्थेत आणि मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतात. सुरुवात करायची तर सभापर्वाने करा. आकाराने आटोपशीर आहे, आणि द्यूताचा प्रसंग आधीच माहीत असल्याने पाठ आणि तळटीप यांतला फरक लगेच लक्षात येतो.